आफ्रिकेत गाडी मी चालवली नव्हती

आमच्या पेठेत कुणी नवखा भेटला की अजूनही माझी ओळख करून देतात, ‘हे सर. यांनी आफ्रिकेत सिंहांच्या रानात गाडी चालवलीय.’ ही ओळख मी आयुष्यभर अंगावर वागवली. ती खोटी आहे.

सत्तरच्या दशकात माझा थोरला भाऊ नैरोबीला हिशेबनीस होता. त्यानं तिकीट पाठवलं म्हणून शाळेतून रजा काढून मी गेलो. जनावरं बघायला भावानं त्याच्याच गाडीतून नेलं. गावाबाहेर डांबर संपलं आणि लाल मुरमाचा रस्ता लागला. चाकांच्या दणक्यांनी त्यावर आडव्या वळ्या पडल्या होत्या, पन्हाळी पत्रा अंथरावा तशा. सावकाश गेलं की दात वाजायचे. भाऊ म्हणाला, ‘इथं वेग धरायचा. चाकं वळ्यांच्या माथ्यामाथ्यावरून जातात, हादरे थांबतात.’ तो पुढंही काही सांगत होता, पण तोवर मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकत होतो. उरलेला प्रवास मागच्या सीटवर आडवं पडून केला. सिंह दिसल्यावर त्यानं मला उठवलं.

कोल्हापुरात परदेशातून आलेल्या माणसाचा तालमीत सत्कार ठरलेला. मलाही फेटा बांधला, नारळ दिला. बोलणारे गृहस्थ रंगात आले आणि म्हणाले, ‘आपल्या सरांनी सिंव्हाच्या पुढ्यातनं गाडी घातली, गाडी!’ फेटा बांधून बसलेल्या माणसानं वक्त्याला मध्ये अडवायचं नसतं. मी खाली बघून हसलो. माझी बोलायची पाळी आली तेव्हा दुरुस्ती करता आली असती. पण मी उठलो आणि रस्त्यांवरच बोललो. वेग कसा धरायचा ते हात स्टिअरिंगवर असल्यासारखे करून दाखवलं. टाळ्या पडल्या.

समोर माझा शेजारी बसला होता. त्याची स्वतःची ॲम्बॅसिडर टॅक्सी होती. गगनबावड्याच्या घाटानं वऱ्हाड न्यायचं तर लोक त्याचीच गाडी मागायचे; तो मोकळा नसेल तर म्हातारी माणसं घरीच थांबायची. त्याची बहीण लग्न होऊन नैरोबीलाच गेली होती. तिच्यासाठी कांदा-लसूण चटणीचा डबा मीच नेला होता.

पुढं भाचीच्या लग्नाला तो तिकडं निघाला. जायच्या आधी माझ्याकडं आला.

‘मास्तर, पावण्यांना जनावरं दाखवायला गाडी तूच चालव म्हणतोय मेव्हणा. रस्ता कसला हाय?’

‘पन्हाळी पत्रा. वेग सोडायचा न्हाई.’

‘आणि वळणावर?’

मला ठाऊक नव्हतं. तसं म्हणायला काहीच हरकत नव्हती. खोलीत आम्ही दोघंच होतो.

‘वळणावरबी तसंच,’ मी म्हणालो.

‘तू तसंच केलंस?’

‘व्हय की.’

खरी गोष्ट मी भावाकडून समजून घेतली ती सगळं होऊन गेल्यावर. वेगात असताना चाकं जमिनीला नीट टेकतच नाहीत. सरळ रस्त्यावर ते चालून जातं. वळण दिसलं की बरंच आधी वेग उतरवायचा, दात वाजले तर वाजू द्यायचे. नाहीतर गाडी सरळ घसरत जाते, ब्रेक दाबला तर आणखीच.

त्याची गाडी वळणावर उलटली. जीव कुणाचा गेला नाही. बहीण पुढं बसली होती. तिचं कमरेचं हाड मोडलं आणि ती जन्माची लंगडी झाली.

परत आल्यावर तो टॅक्सी स्टँडवर आला तेव्हा मी तिथं चहा घेत होतो. बाकीचे ड्रायव्हर त्याला हसायला लागले.

‘काय भाई, बावड्याचा घाट डोळं झाकून उतरतोस आणि सपाटीला गाडी पालथी?’

‘अरं, सिंव्हानं धडक दिली असंल!’

‘जाताना आमच्या सरांस्नी तरी इचारायचं!’

‘इचारूनच गेलतो,’ तो म्हणाला. ‘त्यांनी सांगितलं तसंच केलं. त्यांना जमलं, मला न्हाई जमलं.’

सगळ्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं, कौतुकानं. मी चहा संपवला.

वऱ्हाडाची कामं हळूहळू दुसऱ्या गाड्यांकडं गेली. मुळात त्याचाच स्वतःवरचा भरवसा उडाला होता. त्यानं टॅक्सी विकली आणि उचगावात एका टायरच्या दुकानात कामाला लागला.

काही वर्षांनी मी जुनी फियाट घेतली. कागलला एका लग्नाला आम्ही दोघं निघालो होतो. समोरून ट्रक आला की शेजारी बसलेला तो पायानं नसलेला ब्रेक दाबायचा. ते बघवेना. मी त्याला सगळं सांगून टाकलं.

‘गाडी कडेला घे,’ तो म्हणाला. मी घेतली.

‘चालवलीच न्हाईस?’

‘न्हाई.’

‘मग वळणावर तुझ्या भावानं काय केलं, ते तरी बघितलंस?’

‘झोपलो होतो.’

त्यानं दार उघडलं. मग म्हणाला, ‘हे स्टँडवर सांगायचं होतंस. मला एकट्याला सांगून काय उपेग?’ तो उतरला आणि कोल्हापूरकडं तोंड करून एस.टी.ला हात करत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर जायला हवं होतं. गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो आणि तो वारला. मयतीलाही मी मागं मागंच उभा होतो.

त्या दिवशी हसलेल्यांपैकी दोघं अजून आहेत. हे लिखाण छापून आलं की त्यांच्याकडं घेऊन जाणार आहे. एकाला आता दिसत नाही. त्याला मीच वाचून दाखवेन.