टाळ्या वाजवल्या अन् नळ गेला

मैत्रिणींनो, आज दुपारी ग्रामसभेतून आले तवापासून तळहात चुरचुरायलेत. सांगितल्याशिवाय राहवंना.

आमच्या सरपंच म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. निवडणुकीत त्यांच्यासाठी मी घरोघर फिरले. नळाची लाईन आधी आमच्या खालच्या गल्लीत येईल, हा शब्द त्यांनी माझ्याच ओसरीवर बसून दिला होता. म्हणून आज गल्लीतल्या सगळ्या बायांना मीच सभेला नेलं.

आधी तालुक्याला आलेल्या नव्या साहेबांना शाल-नारळ दिलं, आमी टाळ्या वाजवल्या. मग ग्रामसेवक भराभरा काहीतरी वाचायलते. भोंगा नुसता खरखर करायलता, एक शब्द कळंना. वाचून झालं तशा जाऊबाई हसून म्हणल्या, "बायांनो, टाळ्या वाजवा की." मला वाटलं, सत्कारच चाललाय अजून. पहिली टाळी मीच वाजवली.

नंतर उठून मी नळाचं विचारलं. ग्रामसेवक म्हणले, "ताई, ते आत्ताच मंजूर झालं न्हाई का? लाईन मळ्याच्या रस्त्यानं जाणार. तुमीच तर टाळ्या वाजवल्या."

मळ्याच्या रस्त्याला जाऊबाईंचं नवं घर हाय. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या पदर सारखा करत बसल्या.

येताना शेजारच्या काकू हळूच म्हणल्या, "तुला आधीच माहीत होतं ना गं?"

जाऊबाईंचं एक वेळ सोसलं असतं. हे लय लागलं.

काकूंना आता काय सांगू? तुमी असता तर माझ्यावर विश्वास ठेवला असता का?