पेट्रोलची बाटली आणि माझा तक्ता

माझ्या नातवंडांनो,

तुमच्यापैकी विमान चालवायला शिकणाऱ्या धाकटीने गेल्या रविवारी फोनवर पाठवलेला व्हिडिओ मी तीनदा पाहिला. ती विमानाच्या पंखाखाली उभी राहून एका पारदर्शक नळीत पेट्रोल काढते, नळी आभाळाकडे धरते आणि म्हणते, "रेघ नाही आज्जी, म्हणजे एकदम स्वच्छ!" तिच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून मला माझाच जुना चेहरा आठवला. म्हणून हे आजच लिहिते आहे. फोनवर सांगितलं तर तुम्ही "हो आज्जी, हो आज्जी" म्हणत दुसरीकडे बघता, हे मला दिसतं. मराठी वाचायला जड जात असेल तर आईकडून वाचून घ्या. तिलाही यातलं अर्धंच ठाऊक आहे.

मी गिरगावात वाढले, इंग्रजी शाळेत शिकले आणि लग्न करून लालबागच्या चाळीत आले. माझ्याइतकं शिस्तीचं माणूस त्या मजल्यावर दुसरं नाही, अशी माझी पक्की समजूत होती. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याला मी चिठ्ठी चिकटवली. सासूबाईंना वाचता येत नव्हतं आणि त्यांना सगळे डबे चिठ्ठीशिवाय सापडत. यावरून मी तेव्हा काही शिकले नाही.

उपनगरात समुद्राजवळच्या एका लहान विमानतळावर फ्लाइंग क्लब होता, तिथे मी टायपिस्ट होते. तुमचे आजोबा गिरणीत फिटर. गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर पहिले काही महिने ते रोज सकाळी कपडे करून गिरणीच्या गेटवर जात आणि गेट बंद आहे हे पाहून परत येत. दीरही संपावरच. शेवटी मी क्लबात शब्द टाकला आणि आजोबांना हेल्परची जागा मिळाली, 'तीन महिने बघू' या बोलीवर. बघणार होते क्लबचे कॅप्टनसाहेब. त्यांची मर्जी फिरली की उद्यापासून येऊ नका. माझ्या पगारात आणि त्या जागेत मिळून घरातली सहा माणसं जेवत होती.

कॅप्टनसाहेब निवृत्त वैमानिक. काळा चष्मा, कडक इस्त्री. विमानाखाली वाकलं की इस्त्री मोडते, म्हणून वाकायचं काम हेल्परचं आणि सही साहेबांची, अशी क्लबची पद्धत होती.

त्या वाकण्यात मुख्य काम एकच. लहान विमानाच्या पेट्रोलच्या टाक्या पंखांत असतात. पंखाखाली, टाकीच्या तळाला एक लहान तोटी असते. रोज पहिल्या उड्डाणाआधी ती दाबून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढायचं आणि त्यात पाणी किंवा कचरा आहे का ते पाहायचं. पाणी जड, ते खाली बसतं, पेट्रोल वर राहतं आणि दोन्हींच्या मध्ये रेघ दिसते; सगळ्यांत आधी तोटीतून पाणीच बाहेर येतं. ते इंजिनात गेलं तर इंजिन बंद पडतं, आणि आभाळात रस्त्याच्या कडेला गाडी लावायची सोय नसते.

हे सगळं क्लबच्या इंग्रजी पुस्तकात होतं. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी त्यांच्यासाठी मराठीत तक्ता केला. चार ओळी, लाल शाईची चौकट. चौथी ओळ अशी: 'बाटलीत रेघ दिसली तर पाणी आहे, रेघ नसेल तर ठीक.' पुस्तकात फक्त पहिला अर्धा भाग होता. दुसरा माझ्या पदरचा. नुसता पहिला अर्धा मला अपुरा वाटला, वाक्याला तोल हवा होता. मी तो तक्ता शेडच्या दाराला चिकटवला, आणि कॅप्टनसाहेब म्हणाले, "वा, मॅडम!" हे 'वा' मी महिनाभर चाळीत ऐकवत होते.

सासूबाईंनाही ऐकवलं. त्या तेव्हा घासलेट तपासत होत्या. रेशनच्या दुकानातला माणूस पाणी मिसळायचा, त्यामुळे आमच्या मजल्यावरची प्रत्येक बाई स्टोव्ह भरण्याआधी घासलेट तपासायची. सासूबाई थोडं तळहातावर घ्यायच्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने चोळायच्या; तेलकट लागलं नाही तर पाणी. मी त्यांना बाटलीतल्या रेघेचं शास्त्र समजावलं.

"आणि सगळाच पाणी आसला तर रेघ खंय दिसतली गो?" त्यांनी त्यांच्या मालवणीत विचारलं.

मी हसले. सगळंच पाणी कोण घालेल?

श्रावणात तीन दिवस पाऊस लागून राहिला आणि चौथ्या दिवशी लख्ख उघडलं. त्या सकाळी दादरच्या हिंदमाता बाजारातले एक साडीवाले शेठ पहिल्यांदा एकटे उडणार होते. संपाने गिरण्यांचं कापड आटलं, पण शेठच्या दुकानात यंत्रमागाच्या साड्यांचा पूर आला होता. लालबाग उपाशी आणि शेठ हवेत, असा तो काळ होता. ते नारळ आणि पेढे घेऊन आले होते.

आजोबांनी पंखाखाली वाकून बाटली भरली. मी सहीचं रजिस्टर घेऊन तिथेच उभी होते. बाटलीत रेघ नव्हती. तरी ते बाटलीकडे बघतच राहिले.

"काय रे, झालं का?" कॅप्टनसाहेब म्हणाले.

"साहेब, जरा थांबा. मला हे बरोबर वाटत नाही."

"रेघ आहे?"

"नाही."

"मग?" साहेबांनी बाटली घेतली, आभाळाकडे धरली. "हे बघ, निळं. आपलं पेट्रोल निळंच असतं. वास बघ. येतोय ना पेट्रोलचा?"

वास बाटलीलाच होता, रोजचा. आणि निळं होतं ते आभाळ. पण हे मला नंतर कळलं. तेव्हा मी काय केलं ते नीट वाचा. मी नवऱ्याला सगळ्यांसमोर म्हटलं, "अहो, तक्त्यात काय लिहिलंय? रेघ नसेल तर ठीक. उगाच खोळंबा कशाला?" मला त्यांची नोकरी वाचवायची होती. खोटं कशाला सांगू, तक्ताही वाचवायचा होता.

"कॅप्टनसाहेब, मुहूर्त चालला माझा," शेठ घड्याळ बघत म्हणाले.

"ऐकलंस? बायको शिकलेली आहे तुझी, तिचं तरी ऐक," साहेब म्हणाले. "आज हे उड्डाण थांबवलंस आणि पेट्रोल चांगलं निघालं, तर दुपारपासून इथे दिसायचं नाही."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांच्या हातातून बाटली घेतली, तळहातावर ओतली आणि बोटाने चोळली. पेट्रोल असतं तर हात गार पडला असता आणि पाहता पाहता कोरडा झाला असता. हात ओलाच राहिला. त्यांनी तो ओला हात कॅप्टनसाहेबांच्या समोर धरला.

"साहेब, आमची आई घासलेट असं बघते. हे सगळं पाणी आहे. माझं जे करायचं ते करा, पण शेठला वर पाठवू नका."

आजोबांनी पुन्हा वाकून दुसरी बाटली भरली. तीही पाणीच. तिसरीही. चौथ्या बाटलीत मधोमध रेघ आली, खाली पाणी, वर फिकट निळं पेट्रोल. माझ्या तक्त्यातली रेघ, पण तीन बाटल्या उशिरा. पंखावर चढून पाहिलं तर टाकीच्या झाकणाचं रबर तडकलेलं. तीन दिवसांचा पाऊस आत उतरला होता.

शेठ पेढ्यांच्या पेटीवर हात ठेवून खाली बसले. कॅप्टनसाहेबांनी चष्मा पुसला आणि मला रजिस्टरमध्ये लिहायला सांगितलं, 'झाकणाचे रबर बदलले.' एवढंच. पुढे क्लबात ते ही गोष्ट सांगू लागले तेव्हा बाटली हातात घेताच संशय साहेबांना आला होता, आणि हेल्पर शेजारी उभा होता. मी ते दोनदा ऐकलं आणि दोन्ही वेळा टाइप करत राहिले.

आजोबांची नोकरी टिकली. गिरणीचं गेट काही उघडलं नाही, पण आजोबा निवृत्त होईपर्यंत त्या पंखांखाली वाकत राहिले. शेठनी आमच्या घरी साडी पाठवली, यंत्रमागाची. सासूबाईंनी ती उलटसुलट बघितली, टराटरा फाडली आणि घासलेट गाळायला फडकी केली. कापड त्याही कामाचं निघालं नाही.

त्या दिवशी घरी येताना मी आजोबांची माफी मागितली नाही. ती मला तोंडाने कधीच मागता आली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तक्ता दारावरून काढला आणि चौथ्या ओळीचा दुसरा अर्धा भाग खोडला. मग पेन्सिल आजोबांच्या हातात दिली. त्यांनी खाली पाचवी ओळ लिहिली, वाकड्या अक्षरात: 'रेघ नसली तरी हातावर घेऊन बघा.'

धाकटीला विचारते: त्या नळीतलं तू हातावर घेतलं होतंस का? आभाळाऐवजी पांढऱ्या कागदासमोर धरलं होतंस का? उत्तर आईमार्फत नको, स्वतः कळव.

तक्ता माझ्याकडे आहे. लाल चौकट फिकी पडली आहे. पेन्सिलीची ओळ वाचता येते.