न हरलेल्यांसाठी गुणपडताळणीचा अर्ज

गेल्या डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, माझ्या धाकट्या भावावर आणि त्याच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघावर अन्याय झाला. मोसमात एकही सामना न हरलेला, स्वतःची लीग जिंकलेला हा संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीतून वगळला गेला. मैदानावर नाही, बंद खोलीत.

इथे अमेरिकेत रीत अशी: कॉलेजं शंभराच्या वर, सगळे सगळ्यांशी खेळू शकत नाहीत, म्हणून शेवटच्या बारांत कोण हे एक निवड समिती ठरवते. लीग-विजेत्यांना काही जागा राखीव असतात, पण त्या लीगपेक्षा कमी, आणि त्यातला कुठला विजेता वरचा, हेही समितीच सांगते. दोनदा हरलेले आत गेले. आमचे बाहेर.

भाऊ लाँग स्नॅपर. म्हणजे वाकून, दोन पायांमधून चेंडू मागे किकरकडे फेकणारा. तो चुकला तरच लोकांना त्याचा नंबर कळतो. चार वर्षांत तो कोणाला कळला नाही, आणि हे आम्ही छाती फुगवून सांगतो. त्याचं हे शेवटचं वर्ष होतं. यापुढे तो खेळणार नाही, शाळेत गणित शिकवणार आहे.

त्या सकाळी फ्रीमाँटच्या आमच्या टाउनहाउसमध्ये पंधरा माणसं टीव्हीपुढे बसली होती. बाबा मेरिट लिस्टवर वाढलेले. मार्क पडले की प्रवेश मिळतो, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. त्यामुळे यादी जाहीर व्हायच्या आधीच त्यांनी पेढे वाटले. आई नको म्हणत होती. एकही सामना हरलेला नाही, आता कसली वाट बघायची, असं बाबांचं म्हणणं.

बारावं नाव झालं. आमचं नव्हतं. शेजारच्या काकांच्या हातात अर्धा पेढा तसाच राहिला.

"अहो, मग हा पेढा आता कशाचा म्हणायचा?" काकांनी विचारलं.

"न हरल्याचा," बाबा म्हणाले. "खा."

भावाला फोन लावला. सगळा संघ कॉलेजच्या हॉलमध्ये यादी बघत बसला होता आणि आता कोणी उठत नव्हतं. इट्स ओके ताई, असं तो तीनदा म्हणाला. काहीच ओके नाही, हे पहिल्यांदा म्हणाला तेव्हाच मला कळलं होतं.

मी लॅपटॉप उघडला. पत्रकं लिहिणं हे माझं काम: घरभाडं, बसचे मार्ग, जे हाताला लागेल ते. पत्रकांनी कोणाचं भलं झालंय, हा बाबांचा नेहमीचा टोमणा. त्या दिवशी मात्र ते खुर्ची ओढून शेजारी बसले. तेवढ्यात टीव्हीवर समितीचा माणूस सांगत होता की आमचा संघ बघताना तेवढा भारी वाटत नाही.

"वाटत नाही, हा कुठला विषय?" बाबा म्हणाले. "त्याचे मार्क किती असतात?"

मग त्यांनी खरोखर समितीला गुणपडताळणीचा अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं इंग्रजीत पण थाट आपल्या बोर्डाचा. बारावीला त्यांनी असाच अर्ज केला होता आणि फिजिक्सच्या बेरजेत चूक निघाली होती. उत्तरपत्रिका दाखवा, एवढंच त्यांचं मागणं. माझ्या पत्रकाच्या मसुद्यात 'लबाड' चार वेळा होतं. त्यांनी लाल पेनाने चारही खोडले. शिव्या काढ, मागणी एकच ठेव, म्हणाले. मी भांडले. मग काढले. बरोबर होते ते, काय करणार.

कच्च्या संघांशी खेळले, हा आक्षेप मला पाठ आहे. मोठी कॉलेजं आमच्याशी खेळायला येत नाहीत. मग पोरांनी हरवायचं कोणाला?

समितीचं उत्तर आलं नाही. संघाला दिलाशाचा एक सामना मिळाला. त्याच्या पार्किंगमध्ये बाबा स्वेटरवर भावाची जर्सी चढवून उभे राहिले, एका हातात पत्रकं, दुसऱ्यात पेढ्यांचा खोका. आयुष्यात पहिल्यांदा पत्रकं वाटत होते. समोरच्या संघाच्या लोकांनाही देत होते, आणि ते पेढा खात उभ्या उभ्या वाचत होते.

सामना आम्ही जिंकलो. भावाचा शेवटचा चेंडूही सरळ गेला. नंतर कठड्यापाशी येऊन त्याने पत्रक अखेरपर्यंत वाचलं.

"बाबा, तुम्ही वाटलंत हे?"

"सगळी संपली," बाबा म्हणाले. "हे एक तुझ्यासाठी ठेवलं होतं."

त्याची संधी गेली, ती परत येणार नाही. पण पुढच्या डिसेंबरात त्याच हॉलमध्ये दुसरी पोरं बसणार आहेत. तुम्ही इथल्या कुठल्याही कॉलेजात शिकला असाल, किंवा तुमचं पोर शिकत असेल, तर तिथल्या अध्यक्षांना आजच पत्र लिहा; समितीचे नियम शेवटी कॉलेजांचे अध्यक्षच ठरवतात. एक वाक्य पुरे: जो हरला नाही आणि ज्याने आपली लीग जिंकली, त्याला खेळू द्या. उत्तर लेखी मागा. नाही आलं, तर पुन्हा लिहा.