शुक्रवारी लक्ष्मी बाहेर काढत नाहीत

शेअर कधी विकावेत, हे मला अजून कळलेलं नाही. शाळेत गणित शिकवण्यात उभा जन्म गेला, तरीही.

आमचे अप्पा गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात होते. तिथलेच शेअर ते माझ्यासाठी मागे ठेवून गेले. वर्षानुवर्षं ते कपाटातल्या जुन्या शालीसारखे नुसते पडून होते. मग भाव चढू लागला. केशवापूरच्या आमच्या घराचे दोन जिने बायकोच्या गुडघ्यांना झेपेनात. हे शेअर विकायचे आणि उणकलला लिफ्टचं घर घ्यायचं, असं आमचं ठरलं.

एका सकाळी भाव हवा तिथे पोचला. मी मोबाईल उघडला, तर ही देवापुढून म्हणाली, "अहो, आज शुक्रवार. घरातली लक्ष्मी बाहेर काढायची नाही."

"अगं, विकले की पैसे येतात. लक्ष्मी आत येते!"

"मग अप्पांचे शेअर म्हणजे काय केर आहे?"

लक्ष्मी नेमकी कुठली, जाणारी की येणारी? धारवाडच्या अक्काला फोन लावला. "नाळे माडो, एन अवसर?" म्हणाली. उद्या कर, घाई काय. उद्या शनिवार, शेअर बाजार बंद, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सोमवारी भाव घसरला. म्हटलं, शुक्रवारचा भाव परत आला की विकू. तो आणखी घसरला. जरा चढला की वाटे, अजून चढेल; पडला की वाटे, आता कसा विकू? संताप यायचा, पण कुणावर, तेही कळेना.

मग एकदा सकाळी भाजी घेऊन परतताना ही जिन्यातच बसली, ती उठेना. पिशवी माझ्याकडे दिली आणि भिंतीला डोकं टेकलं.

"आज वार कुठला?"

"मंगळवार." मंगळवारीही आमच्याकडे पैसा बाहेर जात नाही.

"असू दे. विका."

तिथंच उभ्या उभ्या विकले. उणकल हातचं गेलंच होतं. केशवापुरातच तळमजल्यावर भाड्यानं राहायला आलो. आता भाव त्या शुक्रवारच्याही वर गेलाय. मी लवकर विकून चुकलो, की उशिरा विकून? मला दोन्ही खरं वाटतं.

काल हे तिला सांगावं म्हणून बाहेरच्या खोलीत आलो, तर ही घरात नव्हती. कितीतरी दिवसांनी एकटीच कोपऱ्यावर मेथी आणायला गेली होती.