तिसरी ओळ

हमीद मास्तर गेल्याचं मला कळंबच्या बाजारात कळलं. ज्वारी घेत होतो, ती तशीच टाकून घरी आलो. त्याला आता महिना झाला... मी मातीला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार होतो?

निजामाच्या अमलात आम्ही एकाच शाळेत होतो. मी गणित शिकवायचो, ते मंतिक, म्हणजे युक्तिवाद तपासायचं शास्त्र. सगळं अर्थातच उर्दूत. त्यांची रीत न्यारी होती. लाकडी तख्तीवर बोरूनं दोन विधानं ते लिहीत. तिसरी ओळ, म्हणजे निष्कर्ष, समोरच्यानं लिहायची. "लादलेला नतीजा पटत न्हाय, माधवराव. ज्याचा त्यानं काढावा," असं म्हणत.

या शास्त्रानं कुणाचं भलं झालंय, असं मी त्यांना चिडवायचो. मग एकदा खादीच्या सदऱ्यापायी मलाच ठाण्यात बसवलं. चळवळवाले खादी घालतात, हा खादी घालतो, म्हणजे हा चळवळवाला! मास्तर तडक येऊन ठाण्याच्या फौजदारापुढं, अमीनसाहेबांपुढं, उभे राहिले. "घोड्याला चार पाय, तुमच्या मेजालाबी चारच. मंग मेजाला कडबा टाकता का, साहेब?" अमीन हसला आणि मी सुटलो.

पुढं निजामी संपली. झडतीत मास्तरांच्या घरी उर्दू कागदांचा गठ्ठा सापडला. निजामाच्या बाजूनं लढलेल्या दंगेखोरांकडंही उर्दू कागद सापडले होते. तेवढं पुरे झालं. मास्तरांना शाळेत आणून नव्या अधिकाऱ्यानं आम्हा शिक्षकांना विचारलं, "हे कुणाला वाचता येतं?" आम्ही सगळे उर्दूतच शिकलेलो! वरचा कागद मला बसल्या जागेवरून दिसत होता... घोडा आणि मेज, तोच धडा. पण मी भ्यालो. सगळ्यांबरोबर मीही मान खाली घातली. मास्तरांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं, माझं नाव मात्र घेतलं नाही.

काही महिन्यांनी ते तुरुंगातून सुटले, ते खोकला घेऊनच. मी त्यांच्या दारात एकदाही गेलो नाही, याची मला लाज वाटते. गेल्या आठवड्यात त्यांची मुलगी रुकय्या येऊन तख्ती देऊन गेली. "अब्बा म्हनले, काकांना द्या. त्यांना वाचता येतं."

तख्तीवर त्यांच्या वळणदार उर्दूत दोन ओळी आहेत. खरा दोस्त वेळेला बोलतो. माधवराव माझा खरा दोस्त आहे.

खाली जागा मोकळी सोडलीय. तिथं काय यायला हवं, ते शाळेतल्या पोरालाही सांगता येईल: माधवराव वेळेला बोलला. पण तो बोलला नाही. म्हणजे वरच्या दोहोंतली एक ओळ खोटी, आणि ती कोणती हे मला ठाऊक आहे... मास्तरांनाही ठाऊक असणार. तरी त्यांनी ती पुसली नाही.

रोज सकाळी मी शाई कालवतो. संध्याकाळपर्यंत ती दौतीत वाळून जाते.