पाच प्रती आणि पाच पत्रिका

आता तुम्ही हसणारच आहात, तर आधीच हसून घ्या. मध्येच हसलात तर मी गप्प बसेन, आणि माझ्या गप्प बसण्यानं काय होतं तेच तर सांगायला बसले आहे!

मी बार्शीची. मॅट्रिक. लग्न होऊन सोलापुरात आले त्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. तीन महिन्यांत सासरी मी बोलले असेन किती? ‘हो’, ‘नाही’ आणि ‘वाढू का?’ बस्स! पण गंमत बघा, मी जितकी कमी बोलायची तितकी माझ्या हुशारीची कीर्ती वाढायची. मामंजी दुकानात आल्यागेल्याला सांगत, “आमची सून लई शिकलेली हाय. बोलत न्हाई, पण डोस्क्यात समदं असतंय!”

डोक्यात काय असायचं ते माझं मला ठाऊक. बहुतेक वेळा माहेरची म्हैस.

मामंजींचा धंदा चादरींचा. गुलबर्ग्याच्या एका व्यापाऱ्यानं त्यांच्याकडे पहिल्यांदाच ट्रकभर चादरी मागितल्या होत्या. दोन वर्षं मागे लागून मिळवलेलं गिऱ्हाईक! पण मैंदर्गीच्या पुढे दोन राज्यांची हद्द, आणि हद्दीवर नाका. नाका कसला, दोन नाके! रस्त्याच्या अलीकडे आपला, पलीकडे त्यांचा. बिलाच्या पाच प्रती हव्यात. पहिल्या खेपेला ट्रक परत आला, का? तर पाचवी प्रत पुसट. दुसऱ्या खेपेला परत आला, का? तर पलीकडच्यांना कागद कानडीतही हवे. मग गुलबर्ग्याहून निरोप आला, सोमवारच्या बाजाराआधी माल आला तर ठीक, नाहीतर आम्ही दुसरीकडून घेतो.

तिसऱ्या खेपेचं बिल मी लिहिलं, मालाच्या वर्णनापासून खालच्या अटींपर्यंत. चार कार्बन घालून, पेन असं दाबून की बोटाला घट्टा पडला. खाली मामंजींनी कानडीत लिहिलं. पाच प्रती पाकिटात गेल्या आणि वर डिंक.

त्याच आठवड्यात नणंदेच्या, गिरिजाच्या, लग्नाच्या पत्रिका छापून आल्या होत्या. एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कानडी. मैंदर्गीला तिचे मामा राहतात, पाच भाऊ, पाच चुली. म्हणून पाच पत्रिका एका पाकिटात घातल्या होत्या. भावाला आमंत्रण बहिणीनं स्वतः जाऊन द्यायचं, म्हणून सासूबाई, त्यांना आम्ही अत्ती म्हणतो, शनिवारी सकाळच्या एसटीनं निघाल्या होत्या.

मामंजी चपला घालता घालता मला म्हणाले, “फळीवर दोन पाकिटं हायत. एक अत्तीला दे, एक मेहबूब डायव्हरला.” आणि गेले!

पाकिटं सारखीच. दोन्ही जाड. फरक एकच, एकाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं.

आता तुम्ही म्हणाल, यात कसलं कोडं? हळदकुंकवाची ती पत्रिका! अहो, पण आमचं घर तुम्ही पाहिलेलं नाही. इथं मागाला हळदकुंकू, तागडीला हळदकुंकू, ट्रकच्या तोंडाला हळदकुंकू. त्यातून हा ट्रक दोनदा परत आलेला. मी मनाशी म्हटलं, मामंजींनी बिलालाही लावलं असणार. पत्रिकेला काय, अत्ती भावाच्या देवघरात लावतील. विचारायला हवं होतं? हवं होतंच. पण शिकलेली सून असलं विचारते का?

कोरं पाकीट अत्तींच्या पिशवीत गेलं. हळदकुंकवाचं मेहबूबभाईंच्या हातात.

दुपारी अत्ती परतल्या त्या खुशीत. मामंजी जेवायला बसले होते.

“काय सांगू तुमाला! लई झकास पत्रिका काढलीसा की! माझ्या भावानं चारचौघांत उभं राहून वाचली. मऊ, टिकाऊ, पक्क्या रंगाचा माल. एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही! म्हणला, अक्का, पोरीबद्दल इतकं खरं कुनी लिवत न्हाई बग.”

मामंजींचा घास हातातच राहिला.

“आनि खाली ‘माल घेणाऱ्याची सही’ हाय न्हवं, तितं पाची भावांनी सह्या ठोकल्या. एक कागद ठिवून घेतला, चार मला परत दिले. पोचपावती म्हनून!”

अत्तींना अक्षरओळख नाही. मला होती, पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे अक्षरंही नाचायला लागली. मामंजींनी चार कागद पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हात धुवायला उठले.

“चल माझ्यासंगं,” एवढंच म्हणाले.

शेजाऱ्यांची जीप मागून आणली. अक्कलकोट येईपर्यंत मी मनातल्या मनात बार्शीची एसटी तीनदा पकडली होती. मग मामंजीच बोलले. “कुटलं कुनाला, ते म्या सांगितलंच न्हाई. माजी बी चूक हाय. पन पोरी, इचारायचं की गं! आमी काय खातो व्हय तुला?”

रागावले असते तर सोसलं असतं. मला रडूच आलं.

नाक्यावर पाहते तो ट्रक नाही! बाकावर दोन कारकून चहा पीत होते, अलीकडचे जाधव आणि पलीकडचे हिरेमठ. एकाच किटलीतून!

“या शेटजी!” जाधव उठलेच. “ट्रक गेला की कवाच! घरचं लग्न, पावण्यांच्या अंथरुणापांघरुणाला चादरी चालल्या, मग अडवायचं कशापायी? कागद बी पैल्यांदाच बराबर आले. पाचच्या पाच!”

“आनि एकच कागद, मला बी कळला, ह्यांना बी कळला,” हिरेमठ म्हणाले. “असं कधी झालंच न्हवतं, नोडरी, बगा की!”

“पत्रिका आता कुटं हायत?” मामंजींनी दबक्या आवाजात विचारलं.

“नेमाप्रमानं! एक मला, एक ह्यांना, एक फायलीला, एक साहेबांकडं टपालानं, एक डायव्हरपाशी. समद्यांवर शिक्के मारलेत.”

मामंजींनी खरं काय ते सांगितलं. जाधवांचा चेहरा पडला. पुढे रस्त्यात कुणी तपासलं तर मेहबूबभाई काय दाखवणार, लग्नाची पत्रिका? मी सह्यांचे चार कागद पुढे केले. आवाज कसाबसा काढला, “पाचवी प्रत मामांकडे राहिली. चार चालतील का?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“चालतंय की,” जाधव म्हणाले. “पाचवी कोन बगतंय?”

त्याच पाचवीसाठी ट्रक परत आला होता ना! पण मी गप्प राहिले. या खेपेला मुद्दाम.

दोघांनी धडाधड शिक्के मारले. हिरेमठांनी समोरून आलेली गुलबर्ग्याची बस हात करून थांबवली, एक प्रत कंडक्टरच्या खिशात कोंबली आणि कानडीत त्याला दोन मिनिटं बजावलं. मेहबूबभाई वाटेतल्या धाब्यावर जेवायला थांबतात, तिथं ती त्यांना मिळाली. रविवारी माल पोचला. गिऱ्हाईक टिकलं. त्या दोघांचे मी किती आभार मानावेत? जीपमध्ये बसताना हात जोडले, तर जाधव म्हणाले, “आभार कसले? लग्नाला येनार हाय आमी. आमंत्रन हाय!”

आले की! दोन्ही राज्यांचे आले. टपालानं पत्रिका मिळालेले साहेबही आले. मामंजींनी माझ्याकडे बोट करून साहेबांना सांगितलं, “कागदपत्रं समदी ही बगती.” मी खाली बघून वाढत राहिले.

शेवटी मला राहवेना. बार्शीहून वडील आले होते, त्यांना मांडवाच्या कोपऱ्यात गाठलं. सगळं सांगितलं. म्हटलं, “अण्णा, मला चार दिवस माहेरी न्या. मला इथं तोंड दाखवायची लाज वाटते.”

तेवढ्यात मैंदर्गीचे मामा आले. पाचवी प्रत त्यांनी खिशात जपून आणली होती, पाहुण्यांना दाखवायला. ती त्यांनी अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी चष्मा लावला, कागद सावकाश वाचला आणि घडी घालून माझ्या हातात ठेवला.

“बाळ, मी काय करणार? माल परत घेतला जाणार नाही असं लिहिलंय,” ते म्हणाले, “आणि अक्षर तुझंच आहे.”