परदेमामांचं हवेतलं पान

परदेमामा फोटो काढताना कधीही ‘हसा’ म्हणाले नाहीत. ते मेंढरांना घालतात तशी हाळी घालायचे, ‘हुर्रर्र… ह्यॅ!’ समोर लग्न ठरलेली मुलगी असो, रडकं पोर असो की नुकतेच निवडून आलेले सरपंच असोत, सगळे चमकून मान वर करायचे आणि तेवढ्यात फोटो निघालेला असायचा. मामांचे वडील जाफराबादकडे मेंढरं राखायचे. ‘माणूस काय अन् मेंढरू काय, हाळी बराबर बसली की बघतंयच,’ असं मामा गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचे. कुणाला राग आल्याचं मी तरी पाहिलं नाही.

जालन्यात मस्तगडला त्यांचा एका खोलीचा स्टुडिओ होता. मागच्या भिंतीवर रंगवलेला पडदा: निळं तळं, लालपिवळी झाडं आणि मधोमध कोसळणारा धबधबा. गावात सगळे त्याला ‘परदा’ म्हणायचे, म्हणून ते परदेमामा. उन्हाळ्यात आमच्या नळाला आठवडा आठवडा पाणी यायचं नाही, पण मामांचा धबधबा बारमाही होता. खुर्चीवर कुणी चुळबुळ केली की ते ओरडायचे, ‘हालू नका, मागं पाणी पडून राह्यलंय, भिजाल!’ आणि लहानपणी आम्ही खरोखर अंग चोरून बसायचो.

त्या पडद्यावर एक लाल पान होतं. फांदीवर नाही, पाण्यातही नाही, मधेच हवेत लटकलेलं. शाळेच्या ओळखपत्राच्या फोटोला गेले तेव्हा मी विचारलं, ‘मामा, हे पान कधी पडणार?’

मामा खूश झाले. ‘पेंटरच्या ब्रशातून थेंब सांडल्ता, माय. तो पुसायला निघाला. म्या म्हन्लं, राहू दे, पान कर त्याचं.’ मग पडद्याकडे बघत म्हणाले, ‘खरं पान असं पडताना एकदा धरायचंय मला. मागं धबधबा पाहिजे. बिलकुल असंच.’

तेव्हापासून वाटेत कुठेही भेटले की मी विचारायची, ‘मामा, पान पडलं का?’ आणि ते मान हलवायचे, ‘न्हाई अजून.’

प्रयत्न केले नाहीत असं नाही. जाफराबादच्या वरच्या डोंगरात ते कितीदा गेले. पण पावसाळ्यात पाणी धो धो पडतं तेव्हा झाडं हिरवीगार, आणि होळीच्या सुमाराला पानं गळतात तेव्हा खडक कोरडा ठाक. ‘आपल्याकडं त्या दोघांची गाठच पडत न्हाई,’ मामा म्हणायचे, जसं काही एखादं स्थळ जुळत नाहीये.

मग त्यांचा हात कापायला लागला. मोबाइल आले, गिऱ्हाईक कमी झालं, त्याचं त्यांनी मनाला लावून घेतलं नव्हतं. हाताचं मात्र लागलं. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. मी तेव्हा नोकरीनिमित्त संभाजीनगरला होते. मामींचा फोन आला. ‘हात हाय तवर त्यांना ते पान दाखवू, माय. मी बी येते. न्हाईतर तिथं बी स्टूल मांडून लोकांचे फोटो काढत बसतेल.’

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आम्ही तिघं जालन्याहून काश्मीरला निघालो; तिथं त्या दिवसांत पानंही गळतात आणि पाणीही पडत असतं. काय त्यांची घाई! बदनापूर यायच्या आतच मामांनी स्वेटर, मफलर, कानटोपी सगळं चढवलं आणि घामानं न्हाले. मामी म्हणाल्या, ‘आवं, थंडी अजून लई लांब हाय.’ मामांनी काही कानटोपी काढली नाही.

तळ्याकाठी पोचलो तेव्हा चिनार पेटल्यासारखे लाल झाले होते आणि वरच्या अंगाला धबधबा होता. मामा जागीच थांबले. ‘माय, हा तर आपलाच परदा!’ मग धावतच झाडापर्यंत गेले, खोडावर हात फिरवला, पलीकडून वळसा घालून आले आणि ओरडले, ‘याच्या मागं भिंत न्हाई!’ मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात.

पण पान सुटायचं, मामा बटण दाबायचे, आणि नेमका हात हलायचा. स्क्रीनवर नुसता लाल फराटा. सकाळभर तेच. शेवटी ते दगडावर बसले. ‘न्हाई धरत आता. चला.’ इतक्या लांब येऊन रिकाम्या हातानं परत जायचं, हे मला पटेना.

मामी उठून त्यांच्यापुढे पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. ‘ठेवा कॅमेरा खांद्यावर. म्या हालत न्हाई.’

मामांनी कॅमेरा टेकवला आणि उतारावरून मेंढरांचा एक कळप थेट धबधब्यासमोर आला. मी हाकलायला धावले. ‘थांब!’ मामा गरजले, आणि पुढच्याच क्षणी त्या परक्या रानात आवाज घुमला, ‘हुर्रर्र… ह्यॅ!’

अख्खा कळप थबकला. एकूण एक मेंढराची मान वर, मामांकडे. मेंढपाळसुद्धा तोंड उघडं टाकून बघत राहिला. चिनारावरून एक पान सुटलं आणि खट्‌ आवाज झाला.

‘पडलं! पान पडलं!’ मामा मफलर उडवत नाचत होते. मेंढपाळ जवळ आला तेव्हा त्याला मिठी मारून म्हणाले, ‘हमारे बाप का बी येईच काम था, भाई!’ तोही हसत सुटला.

जालन्यात आल्यावर मामांनी तो फोटो भिंतभर कापडावर छापून घेतला आणि जुन्या पडद्याच्या जागी लावला. भेटेल त्याला धरून दाखवत होते. यंदाच्या उन्हाळ्यात मामा गेले.

परवा पासपोर्टचा फोटो काढायचं निमित्त करून मी मस्तगडला गेले. स्टुडिओ उघडा होता. कॅमेरा मामी चालवतात. पासपोर्टच्या फोटोंसाठी पडद्यापुढे सोडलेलं पांढरं कापड बाजूला सारून मी आधी तो पडदा बघत उभी राहिले. धबधबा, हवेतलं पान, आणि रोखून बघणारी ती मेंढरं.

‘दुकान बंद करा म्हणतेत सगळे,’ मामी मागून म्हणाल्या. ‘पण ती मेंढरं बघ की. अजून त्यांच्याकडंच बघून राह्यलीत. मंग कसं बंद करू?’

मी खुर्चीवर बसले, मान काही वर होईना. मामींनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि हाळी घातली, ‘हुर्रर्र… ह्यॅ!’

मी मान वर केली.